दहा हजारांची वेबसाइट आणि पुढची तीन वर्षं

लक्ष्मीपूजनाला वऱ्हाडातला व्यापारी आजही नवी वही पुजतो. हिशेब टॅलीत गेला, बिलं संगणकावर निघू लागली, तरी हळदीकुंकवाचं बोट लावायला कागदाची वही लागतेच. वर्षभराच्या खर्चाची खाती त्याला तोंडपाठ असतात: हमाली, तोलाई, अडत, गाळ्याचं भाडं, वीजबिल, बारदाना, मुनिमाचा पगार, नव्या वर्षाची कॅलेंडरं. यातल्या कुठल्या खात्यावर किती जातात, हे झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. गेल्या काही वर्षांत मात्र एक खातं असं आलं आहे, की त्याचा भाव नेमका कसा काढायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ‘वेबसाइट बनवाले किती लागन, भाऊ?’ हा प्रश्न अकोल्यात डाळ मिलवाला विचारतो, कापडवाला विचारतो, कोचिंग क्लासवाला विचारतो. उत्तर पाच हजारांपासून दीड लाखापर्यंत काहीही मिळतं.

दोन्ही टोकांची उत्तरं खरी असू शकतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पाच-दहा हजारांत इंजिनिअरिंगला शिकणारा एखादा मुलगा तयार साच्यात दुकानाचं नाव, पत्ता, चार फोटो बसवून देतो. पंचवीस-तीस हजारांत शहरातली छोटी एजन्सी पाच-सात पानांची, मोबाइलवर नीट दिसणारी साइट करते. ऑनलाइन दुकान हवं असेल, म्हणजे माल निवडा, पैसे भरा, पार्सल कुठे पोचलं ते पाहा अशी सगळी सोय, तर आकडा पन्नास हजारांच्या पुढे जातो. गंमत अशी, की तिन्ही ठिकाणी आत चालणारं सॉफ्टवेअर बहुतेकदा एकच असतं. वर्डप्रेस 27 मे 2003 रोजी जगापुढे आलं, तेव्हापासून ते फुकट आहे, आणि आज जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. पैसे सॉफ्टवेअरचे नसतात. ते माणसाच्या वेळेचे असतात, त्याच्या अनुभवाचे असतात, आणि साइट उभी राहिल्यानंतर तिच्याकडे कोण पाहणार याचे असतात. भाव विचारताना हा तिसरा भाग हमखास राहून जातो.

संपर्काच्या साधनावर पैसा खर्च करणं वऱ्हाडाला नवं नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरकडे गेली. 1870 मध्ये जालंबपासून खामगावपर्यंतचा फाटा टाकला गेला तो खामगावच्या कापूस बाजारासाठी. लिव्हरपूलचा भाव आधी कळणारा व्यापारी फायद्यात राहतो, हे इथल्या पेढ्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. तारेला पैसे लागत, पण तार का करायची हे ठाऊक असे. वेबसाइटच्या बाबतीत नेमकं हेच ‘का’ सुटतं. शेजारच्या दुकानदाराने केली, मुलगा म्हणाला, बँकेच्या साहेबाने विचारलं, म्हणून करायची. मग आकडा कितीही असो, तो जास्तच वाटतो.

‘फुकट’ या वाटेने गेलेल्यांचं काय झालं, ते आधी पाहू. कारण भारतातल्या छोट्या धंद्यांना वेबसाइट फुकट देण्याचे मोठे प्रयोग झाले आहेत आणि त्यांचा शेवटही डोळ्यांसमोर आहे. नोव्हेंबर 2011 मध्ये गुगलने होस्टगेटर या कंपनीबरोबर मोहीम काढली. छोट्या व्यावसायिकाला ‘डॉट इन’चं नाव आणि तयार साइट एक वर्ष मोफत, आणि तीन वर्षांत पाच लाख धंदे ऑनलाइन आणायचं उद्दिष्ट. पहिलं वर्ष मोफत, पुढे मात्र नावाचे पैसे ज्याचे त्याने भरायचे. पुढे 4 जानेवारी 2017 ला गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई दिल्लीत आले. फिक्की या उद्योगसंघटनेबरोबर ‘डिजिटल अनलॉक्ड’ हे प्रशिक्षण जाहीर झालं आणि त्याच कार्यक्रमात मोबाइलवरून काही मिनिटांत साधी वेबसाइट करून देणारी मोफत सोयही दाखवली गेली. त्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असं येत असे. देशभरातल्या किराणावाल्यांनी, पार्लरवाल्यांनी, वर्कशॉपवाल्यांनी त्या केल्या. 5 मार्च 2024 ला गुगलने त्या सगळ्या बंद केल्या. 10 जूनपर्यंत जुना पत्ता टाकणाऱ्याला दुकानाच्या गुगल प्रोफाइलवर वळवलं जाई, त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता पिशव्यांवर, बिलबुकांवर आणि गाडीच्या काचेवर छापून घेतला होता, त्यांची छपाई वाया गेली.

यात गुगलने फसवलं असं म्हणायचं कारण नाही. देणाऱ्याची वस्तू होती, त्याने परत घेतली. जागा दुसऱ्याची असली की ती कधीही जाऊ शकते. 29 जून 2020 च्या रात्री केंद्र सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. तिथे लाखोंनी जमवलेला प्रेक्षक खेड्यापाड्यांतल्या पोरापोरींच्या हातून एका रात्रीत गेला. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सहा तासांच्या आसपास जगभर बंद पडलं. ज्यांची सगळी ऑर्डर व्हॉट्सॲपवर येत होती, त्यांची त्या संध्याकाळची विक्री गेली. गुगलची प्रोफाइल, व्हॉट्सॲप बिझनेस, इन्स्टाग्राम ही सगळी साधनं जरूर वापरावीत. ती मोफत आहेत आणि गावातलं गिऱ्हाईक आणायला अनेकदा तेवढी पुरतात. अकोल्यातल्या ज्या दुकानाचं सगळं गिऱ्हाईक जठारपेठ ते गोरक्षण रोड एवढ्यातच आहे, त्याने नकाशावरची प्रोफाइल नीट भरावी, वेळा बरोबर लिहाव्यात, चांगले फोटो टाकावेत आणि वेबसाइटचे पैसे सध्या वाचवावेत. हा सल्ला वेबसाइट विकणारा देणार नाही, पण तो खरा आहे.

ज्याचं गिऱ्हाईक गावाबाहेर आहे, त्याच्यासाठी मात्र स्वतःचं नाव आणि स्वतःची जागा लागते. इथून खर्चाचा खरा हिशेब सुरू होतो.

पहिला खर्च नावाचा, म्हणजे डोमेनचा. ‘डॉट कॉम’ला वर्षाला साधारण हजार ते दीड हजार, ‘डॉट इन’ला त्याहून थोडं कमी. ‘डॉट इन’चा कारभार निक्सी ही भारतातली संस्था पाहते आणि 2005 पासून हे नाव कुणालाही सहज घेता येतं. देवनागरीत ‘डॉट भारत’ 27 ऑगस्ट 2014 पासून मिळतं. ते मराठी माणसाने जरूर घ्यावं, पण जोडीला म्हणून, कारण अजूनही अनेक फॉर्म आणि ईमेल सेवा देवनागरी पत्ता नीट स्वीकारत नाहीत. सगळ्या खर्चात ही रक्कम सर्वात लहान, आणि सर्वात मोठा घोटाळा तिथेच होतो. डोमेन बहुतेक वेळा साइट करून देणारा स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतो. मालकाला ते सोयीचं वाटतं, कारण पासवर्डची कटकट नको असते. दोन वर्षांनी तो मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला लागतो, नंबर बदलतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहते आणि एका सकाळी दुकानाचं नाव बंद होतं. मुदत संपल्यावर काही दिवस सवलतीचे असतात, पुढे सोडवून घ्यायला जबर दंड पडतो, आणि तेही दिवस गेले की नाव कुणालाही घेता येतं. आपलं नाव मग तिऱ्हाईत विकायला काढतो.

ही चूक छोट्यांचीच होते असं नाही. सबीर भाटिया यांची हॉटमेल ही ईमेल सेवा मायक्रोसॉफ्टने 1997 च्या अखेरीस विकत घेतली. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर 1999 मध्ये, ऐन नाताळात जगभरच्या हॉटमेल वापरणाऱ्यांना आपलं पत्रपेटीचं दार उघडेना. कारण लॉगिनसाठी लागणाऱ्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाच्या नूतनीकरणाचे 35 डॉलर भरायचे राहून गेले होते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डाने ते भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. अगदी गुगलनेही 2023 मध्ये आपला डोमेन विकण्याचा धंदा स्क्वेअरस्पेस या कंपनीला विकला आणि ग्राहकांना नव्या दारात जावं लागलं. अशा वेळी ज्याच्या हातात स्वतःचं खातं आणि स्वतःचा ईमेल असतो, त्याचं काही बिघडत नाही. म्हणून डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या पैशाने घेतलेलंच असलं पाहिजे. यात तडजोड नको.

दुसरा खर्च होस्टिंगचा. डोमेन हे गाळ्याचं नाव, तर होस्टिंग हे गाळ्याचं भाडं. जाहिरातीत ‘महिना 99 रुपये’ असं मोठ्या अक्षरात असतं. ते खरं असतं, पण तीन किंवा चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर, आणि पहिल्या मुदतीपुरतंच. नूतनीकरणाचा दर दुप्पट-तिप्पट असतो आणि तो त्याच पानावर बारीक अक्षरात लिहिलेला असतो. वर 18 टक्के जीएसटी. अंदाजपत्रकात पहिल्या वर्षाचा दर लिहिणाऱ्याचा हिशेब दुसऱ्या मुदतीला कोसळतो. कुलपाचं चिन्ह दाखवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राचंही तसंच. जुलै 2018 पासून क्रोम ब्राउझर हे प्रमाणपत्र नसलेल्या साइटवर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारतो, म्हणून ते हवंच. पण लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा 2016 पासून ते सगळ्यांना मोफत देते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवतात. साध्या माहितीच्या साइटसाठी त्याचे वेगळे दोन-तीन हजार कुणी बिलात लावले, तर कशासाठी ते विचारायला हवं.

तिसरा खर्च देखभालीचा, आणि अंदाजपत्रकातून गळणारा हाच. साइट उभी केली की झालं, असं नसतं. वर्डप्रेस आणि त्याला जोडलेले प्लगइन वेळोवेळी अद्ययावत करावे लागतात. नाहीतर भोकं उघडी राहतात आणि डाळीच्या साइटवर एखाद्या दिवशी जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. एके काळी फ्लॅशमध्ये नाचणारी पानं म्हणजे प्रतिष्ठा होती. 31 डिसेंबर 2020 ला ॲडोबने फ्लॅश थांबवलं आणि त्या पानांच्या जागी करडा चौकोन उरला. 10 मार्च 2021 ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळलं आणि लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांनी प्रत दुसरीकडे ठेवली नव्हती, त्यातल्या अनेकांचं काम कायमचं गेलं. महिन्यातून एकदा साइटची प्रत आपल्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवणं हे काम कुणाचं, हे आधीच ठरलेलं हवं.

आता वहीत मांडू. अकोल्यातला एक कल्पित डाळवाला घेऊ. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ अनेक बचत गटांनी आणि शेतकऱ्यांनी बसवली आहे. त्यातलाच एखादा, दोन-चार माणसांच्या बळावर तूर, मूग, हरभऱ्याची डाळ करणारा. डोमेन दोन, ‘कॉम’ आणि ‘इन’, मिळून वर्षाला दोन हजार धरले तर तीन वर्षांचे 6,000. होस्टिंग तीन वर्षांसाठी करासह 9,000. साइट उभारणी 25,000, करून देणारा जीएसटीत नोंदलेला असेल तर वर 4,500, म्हणजे 29,500. फोटोग्राफरचा एक दिवस 6,000. मजकूर लिहून, तपासून घेण्याचे 5,000. देखभाल वर्षाला 6,000, तीन वर्षांचे 18,000. एकूण 73,500. अडीअडचणीला शेकडा दहा, 7,350. बेरीज 80,850 रुपये, म्हणजे महिन्याला 2,246. ‘पंचवीस हजारांची वेबसाइट’ तीन वर्षांत ऐंशी हजारांवर जाते, आणि यात कुणी लुबाडलेलं नाही. हे आकडे गावागणिक आणि माणसागणिक बदलतील. प्रमाण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: उभारणीचा खर्च एकूण खर्चाच्या निम्म्याहूनही कमी आहे.

महिन्याचे 2,246 वसूल कसे होणार? इथे धंद्याधंद्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

याच डाळवाल्याने साइटवर एक-एक किलोची पाकिटं विकायचं ठरवलं, असं समजा. किलोमागे डाळीचा खर्च जाऊन 15 रुपये सुटले, तर साइटचा खर्च भागवायला महिन्याला दीडशे किलो, रोज पाच किलो विकावी लागेल. ऐकायला सोपं वाटतं. पण पुण्यातल्या गिऱ्हाइकापर्यंत एक किलोचं पार्सल पाठवायला साठ-सत्तर रुपये लागले, तर डाळीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत कुरिअरच जाईल. गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुकानातून घेईल. शिवाय ऑनलाइन पैसे जमा करून देणाऱ्या पेमेंट गेटवेचं शुल्क सर्वसाधारणपणे शेकडा दोन रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे हजाराच्या ऑर्डरला 23 रुपये 60 पैसे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधी पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के जीएसटी लागू झाला, तोही धरायचा. हिशेब उलटा फिरतो. पन्नास-साठ हजारांचं ऑनलाइन दुकान उभं करून त्यातून वजनदार आणि स्वस्त वस्तू एक-एक पाकीट विकणं हा वऱ्हाडातल्या डाळीचा मार्ग नाही, हे साइट करण्याआधी कागदावर कळायला हवं.

त्याच डाळवाल्याने साइटवर विक्री ठेवलीच नाही, तर? मिलचे खरे फोटो, तूर कुठल्या भागातून घेतो, पॉलिश करतो की नाही, किती क्विंटल रोज निघते, किमान किती ऑर्डर घेतो आणि फोन नंबर, एवढंच ठेवलं. पुण्याची मेस, हैदराबादचा किरकोळ व्यापारी, इंदूरचा फरसाणवाला अशा कुणीतरी शोधून फोन केला आणि पाच क्विंटलची ऑर्डर किलोमागे अवघ्या चार रुपयांवर गेली, तरी दोन हजार सुटले. महिन्याला अशी दोन गिऱ्हाइकं मिळाली की साइटचा खर्च निघून वर उरतो. साइट तीच, धंदा तोच, पण हेतू बदलला आणि खर्चही कमी झाला, कारण गेटवे, कार्ट, पार्सलचा माग हे काहीच लागलं नाही.

चिखलदऱ्याच्या लॉजवाल्याचं गणित याहून सरळ आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मेळघाटात खोली मिळत नाही, आणि बुकिंगची मोठी संकेतस्थळं दलाली घेतात. दोन हजारांच्या खोलीवर वीस टक्के धरले तर एका रात्रीचे 400 रुपये जातात. तीन वर्षांत 203 रात्रींची खोली थेट स्वतःच्या साइटवरून भरली, म्हणजे वर्षाला अडुसष्टच्या आसपास, तर 80,850 रुपये वाचलेल्या दलालीतूनच निघाले. इथे ऑनलाइन पैसे घेण्याची सोय करणं शहाणपणाचं, कारण पाठवायला पार्सल नाही. वरूड-मोर्शीच्या संत्रावाल्याचं गणित या दोघांच्या मधलं. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नावाला किंमत आहे, पण फळ नाशवंत आहे आणि हंगाम थोडा. त्याला वर्षभर चालणारं दुकान लागत नाही, हंगामाआधी नोंदणी घेणारं एक पान पुरतं. अकोल्याच्या कोचिंग क्लासला तर आसपासच्या जिल्ह्यांतून येणारे एक-दोन प्रवेशसुद्धा पुरे.

चांगली साइट आणि वाया गेलेली साइट यांतला फरक पैशापेक्षा मजकुरात जास्त असतो, आणि मराठी साइटची एक अडचण खास आपली आहे. गावातल्या डीटीपीवाल्याकडे दुकानाचं माहितीपत्रक श्री-लिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असतं. तोच मजकूर उचलून साइटवर टाकला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण ती अक्षरं युनिकोड नसतात. मग घाईत कुणीतरी त्याचं चित्र करून चिकटवतं. दिसायला मराठी दिसतं, पण गुगलला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, आणि ‘अकोला तूरडाळ होलसेल’ असं शोधणाऱ्याला ती साइट सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घ्यायला एक-दोन दिवस लागतात. त्यासाठी चांगले फॉन्ट विकतही घ्यावे लागत नाहीत. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत.

भाषेचा हा मुद्दा भावनेपुरता नाही. केपीएमजी आणि गुगलच्या 2017 च्या अहवालाने 2016 सालचे आकडे दिले होते: इंटरनेटवर भारतीय भाषा वापरणारे 23 कोटी 40 लाख, इंग्रजी वापरणारे 17 कोटी 50 लाख. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर मराठी, हैदराबाद-इंदूरकडचं असेल तर हिंदी आणि इंग्रजी, हे खर्चाच्या आधी ठरवावं. यंत्राने केलेलं भाषांतर तसंच टाकलेली पानं वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात, आणि जो आपली भाषा नीट लिहीत नाही त्याला ॲडव्हान्स पाठवताना हात आखडतो. फोटोंचंही तेच. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत परदेशी गोदामाचा फोटो एमआयडीसीतल्या मिलचा म्हणून कुणी मानत नाही, आणि तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो. चाळणीवरून घसरणारी पिवळी डाळ, पोत्यावर मारलेला शिक्का, मिलच्या दारातला वजनकाटा, एवढे तीन फोटो नीट उजेडात काढले तरी परगावचा व्यापारी फोन उचलतो.

कायद्याच्या बाजूचा खर्च रुपयांत थोडा आहे, पण तो चुकला की महागात पडतो. महाराष्ट्रात केवळ मालाचा व्यापार करणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून अनेक जण निश्चिंत असतात. पण करपात्र माल स्वतःच्या साइटवरून राज्याबाहेर पाठवला, की हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडून उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. अकोल्याहून बऱ्हाणपूर जवळ आहे, पण ते मध्य प्रदेशात आहे, आणि साइटवरची पहिली ऑर्डर तिथून आली तर? खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा 14 अंकी क्रमांक लागतो. पाकीटबंद मालाची किंमत, वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता ही माहिती 1 जानेवारी 2018 पासून साइटवरही दाखवावी लागते. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी 23 जुलै 2020 ला ग्राहक संरक्षण कायद्याखालचे ई-कॉमर्स नियम आले. त्यांनुसार तक्रार निवारण करणाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा. हे सगळं लिहून घ्यायला कर सल्लागाराचा एक तास पुरतो, आणि तो तास अंदाजपत्रकात असावा.

बचत गट आणि शेतकरी कंपन्यांनी आणखी एक चौकशी करावी. 2020 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटांना ब्रँडिंग आणि विपणनासाठी 50 टक्क्यांपर्यंत मदतीची तरतूद केली गेली. जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारायला काही लागत नाही.

आणि करारनामा. आपल्याकडे वेबसाइटचं काम तोंडी ठरतं, फार तर व्हॉट्सॲपवर. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकर नसलेल्या माणसाने स्वतंत्रपणे लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक सहसा तोच असतो. पैसे दिले म्हणून मालकी आपोआप आपली होत नाही. ती लेखी हस्तांतरित करून घ्यावी लागते, आणि लेखात मुदत लिहिली नसेल तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतीच. दोन पानांचा कागद पुरतो. काय काय करून देणार, किती पानं, किती वेळा फेरबदल फुकट, कधीपर्यंत, पैसे कोणत्या टप्प्यावर, सगळे पासवर्ड कुणाकडे, मजकूर-फोटो-कोड यांची मालकी कायमची कुणाकडे, आणि काम सोडताना प्रत कशी देणार. सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. तीस टक्के सुरुवातीला, चाळीस टक्के साइट दिसू लागल्यावर आणि उरलेले पासवर्ड हातात आल्यावर, असं ठेवलं तर दोन्ही बाजूंची भीती जाते. चांगलं काम करणाऱ्या मुलालाही असा कागद हवाच असतो, कारण ‘अजून एक छोटासा बदल’ म्हणत महिनोन्‌महिने फुकट राबवून घेणारे मालकही या बाजारात कमी नाहीत. अकोला-अमरावतीतल्या शिकलेल्या मुलांना गावात राहून हे काम करता येतं. त्यांना वेळेवर आणि पुरेसे पैसे मिळाले तर देखभालीला माणूस गावातच राहील, आणि त्यात मालकाचाही फायदा आहे.

‘गुगलवर पहिल्या नंबरला आणून देतो’ म्हणत महिन्याला पाच-सात हजार मागणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नये. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलं आहे.

मराठी माणसाने इंटरनेटवर स्वतःची जागा घेऊन ती टिकवल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेतून ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 च्या गणेश चतुर्थीला सुरू झालं, त्याच नावाने ते आजही आहे. मधल्या काळात फुकट जागा देणारं जिओसिटीज गेलं, ऑर्कुट गेलं. तिथे मांडलेला पसारा त्यांच्याबरोबर गेला.

म्हणून ज्यांना पुढेमागे वेबसाइट करायची आहे, त्यांनी साइट कशी असावी यावर वेळ घालवण्याआधी एवढं करावं. धंद्याच्या नावाचा एक ईमेल स्वतः उघडावा, त्यावर स्वतःच्या फोनचा नंबर जोडावा, आणि नाव मोकळं असेल तर डोमेन स्वतःच्या खात्यातून तीन वर्षांसाठी घेऊन ठेवावं. ज्यांची साइट आधीच आहे, त्यांनी करून देणाऱ्याला आजच फोन करून डोमेन कुणाच्या खात्यात आहे आणि मुदत कधी संपते हे विचारावं, आणि ते आपल्या खात्यात घ्यावं. याला अर्धा तास आणि काही हजार रुपये लागतात. नवी तूर बाजारात यायला जानेवारी उजाडतो. उरलेली साइट तोपर्यंत निवांत करता येईल.